शर्मा सर, युडीसीटी आणि कारखान्याच्या दारातून आत आलेले प्रश्न

बाष्पक | शनिवार, सकाळी ९.४०

माळा आवरताना माझा होम पेपर सापडला. युडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात (आताची आयसीटी ही संस्था), शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहितो. शेवटच्या वर्षी एक अख्खा कारखाना कागदावर उभा करायचा असे. दिवसाला अमुक टन माल काढायचा आहे, तर कच्चा माल कुठून आणणार, रिअॅक्टर कोणता, भांड्याच्या पत्र्याची जाडी किती, वाफ किती लागेल, सांडपाणी किती निघेल, आणि एवढं करून माल परवडणाऱ्या भावात पडेल का. घरी बसून सोडवायचा, म्हणून होम पेपर. माझ्या कागदांच्या कडा पिवळ्या पडल्यात, पण आकृतीतल्या नळ्या अजून बोटाने मोजता येतात.

ते कागद चाळता चाळता प्रा. मनमोहन शर्मांवर इथे एक धागा असावा असं वाटलं. मराठीत त्यांच्याविषयी फार कमी वाचायला मिळतं. २०२५च्या जूनमध्ये मुकेश अंबानींनी संस्थेला १५१ कोटींची गुरुदक्षिणा जाहीर केली, तेव्हा नाव सगळीकडे झळकलं. पण त्या बातम्यांत आकडा मोठा होता आणि गुरूंचं काम दोन ओळींत आटोपलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञान विभाग काढला. सुरुवात कापड रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकीपासून झाली, कारण समोर गिरण्या होत्या आणि रंग, खळ, ब्लीच यांचं शास्त्र येणारी माणसं हवी होती. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला आला. डॉ. वेंकटरामन १९३८ पासून संचालक होते, पुढे ते पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर एनसीएलची धुरा सांभाळणारे डॉ. बा. द. टिळकही युडीसीटीचेच. म्हणजे उद्योगाशी नातं जोडायला शर्मा सरांपासून सुरुवात झाली, असं नाही. घर आधीच उभं होतं. सरांनी त्याचा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवला.

जन्म जोधपूरचा, १९३७. युडीसीटीतून १९५८ साली पदवी. पुढे केंब्रिजला प्रा. डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी, आणि १९६४ मध्ये परत येऊन वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेट प्रोफेसर. तिकडे राहता आलं असतं. ते माटुंग्याला आले आणि इथेच राहिले. १९८९ ते १९९७ संचालक. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, हा मान मिळालेले पहिले भारतीय अभियंता. १९९६ मध्ये त्याच सोसायटीचं लेव्हरह्यूम पदक. २००१ मध्ये पद्मविभूषण.

पदकं एका बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने सरांचं मोठं काम असं की कारखान्यातला प्रश्न हा विद्यापीठाच्या इभ्रतीला शोभणारा प्रश्न आहे, हे त्यांनी करून दाखवलं. रिअॅक्टर चालत का नाही, उत्पादन कमी का येतं, ही 'मेस्त्रीची कामं' मानली जात. सरांनी त्यातलं मूळ शास्त्र बाहेर काढलं, त्यावर जगभर वाचले जाणारे शोधनिबंध लिहिले, आणि विद्यार्थ्यांच्या अशा पिढ्या घडवल्या की त्यातले काही कारखानदार झाले, काही संशोधक, काही पुन्हा शिक्षक.

तुमच्या कॉलेजात, कारखान्यात असं नातं पाहिलं असेल तर लिहा. मी त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी नाही, साधा पदवीधर आहे. जाणकारांनी भर घालावी.

ठिपका | शनिवार, सकाळी ११.०५

लेख आवडला. मी वाणिज्य शाखेची. 'मूळ शास्त्र बाहेर काढलं' म्हणजे नेमकं काय? एक तरी उदाहरण माझ्यासारखीला कळेल असं द्या ना.

बाष्पक | शनिवार, दुपारी १२.३०

प्रयत्न करतो.

रसायनाच्या कारखान्यात पुष्कळदा एखादा वायू द्रवात सोडतात आणि त्यांची विक्रिया घडवतात. क्लोरीन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, साधी हवासुद्धा. इथे दोन घड्याळं चालू असतात. एक, वायूला बुडबुड्यातून द्रवात शिरायला लागणारा वेळ. दुसरं, शिरल्यावर विक्रिया व्हायला लागणारा वेळ.

विक्रिया झटपट होणारी असेल, तर बुडबुड्याला लागून द्रवाचा जो पातळसा थर असतो तिथेच ती संपते, बाकीचा द्रव नुसता बघत बसतो. अशा वेळी भांडं मोठं करून पैसे वाया जातात. बुडबुडे बारीक करा, वायू-द्रवाचा स्पर्श वाढवा. उलट विक्रिया संथ असेल, तर बुडबुडे कितीही बारीक केले तरी फरक पडत नाही. तिथे भांड्याचं आकारमान, तापमान, उत्प्रेरक यांकडे बघावं लागतं.

म्हणजे आधी कोणतं घड्याळ मागे आहे ते ओळखायचं, मग खर्च करायचा. सरांचं आयुष्यभराचं काम या आणि अशा ओळखीवर आहे.

यातली एक युक्ती मला अजून फार सुंदर वाटते. भांड्यातल्या लाखो बुडबुड्यांचं एकूण क्षेत्रफळ मोजणार कसं? ज्या विक्रियेचा वेग पक्का ठाऊक आहे, उदाहरणार्थ कार्बन डायऑक्साइड आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी, ती त्याच भांड्यात घडवायची आणि किती वायू शोषला गेला ते मोजायचं. त्यावरून क्षेत्रफळ उलट्या गणिताने निघतं. डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी ही रासायनिक पद्धत नीट मांडली. बुडबुडा डोळ्यांनी न बघता रसायनाकडून मोजून घ्यायचा.

बाष्पक | शनिवार, दुपारी १२.५०

लगेच पुढचं लिहितो, नाहीतर राहून जाईल. माझी पहिली नोकरी ठाणे जिल्ह्यातल्या एका छोट्या कारखान्यात होती. हायड्रोक्लोरिकचा धूर धुण्यासाठी पॅकिंग भरलेला उंच स्क्रबर, वरून कॉस्टिकचा शॉवर. तरी चिमणीतून पांढरा धूर निघायचा आणि शेजारच्या चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून नळावर यायच्या. मालक कॉस्टिक वाढवत होते. दोन टक्क्यांचं पाच, पाचाचं दहा.

मला शिकवलेलं आठवलं. हा वायू कॉस्टिकशी क्षणात विक्रिया करतो, द्रवाच्या बाजूला अडथळाच नाही. अडथळा आहे तो वायूने ओल्या पृष्ठभागापर्यंत पोचण्यात. मग कॉस्टिक वाढवून काय होणार? रविवारी स्क्रबरचं वरचं झाकण काढलं. पाणी पसरवणाऱ्या ताटलीची निम्मी छिद्रं मिठाने बुजलेली. जास्तीच्या कॉस्टिकने मीठच आणखी साचत होतं. एका बाजूची पॅकिंगची कडी बोटाने घासली तर कोरडी ठणठणीत, धूर तिथूनच सरळ वर जात होता. छिद्रं मोकळी केली, द्रव वेळच्या वेळी बदलायची सवय लावली, कॉस्टिक परत दोन टक्क्यांवर आणलं. सोमवारी दुपारी चिमणीवर काही दिसेना. एक पैसा खर्च झाला नाही.

त्या दिवशी कळलं की मला वर्गात काय दिलं होतं.

जुनी_गोदी | शनिवार, दुपारी ३.१५

धागा उत्तम. एक दुरुस्ती. रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो म्हणजे मुंबईचे अर्देशीर खरशेटजी वाडिया, १८४१ साली. ते जहाजबांधणी आणि वाफेच्या इंजिनांचे अभियंता होते. तेव्हा 'पहिले भारतीय अभियंता' हे विधान सगळीकडे छापून येत असलं तरी जपून वापरावं.

बाष्पक | शनिवार, दुपारी ३.४०

बरोबर आहे, ते विधान मागे घेतो. दोघेही मुंबईत कामातून वर आलेले अभियंते, याचा आनंदच आहे.

फळा_डस्टर | शनिवार, रात्री १०.२०

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, पंधरा वर्षं झाली. वाचून छान वाटलं आणि पोटात कालवलंही.

आमच्याकडेही 'उद्योग-संस्था समन्वय' आहे. त्याची लाल फाइल आहे. तिच्यात तेवीस सामंजस्य करार आहेत, प्रत्येकाचा हस्तांदोलनाचा फोटो आहे, आणि मानांकनाची समिती आली की ती फाइल टेबलावर येते. तेविसातल्या एकाही कारखान्याने आम्हाला कधी प्रश्न विचारलेला नाही, आम्हीही त्यांना विचारलेला नाही. मुलं उन्हाळ्यात प्रशिक्षणाला जातात म्हणजे बरेचदा ओळखीच्या माणसाकडून शिक्क्याचं पत्र आणतात. मी त्यांना रागावते, पण मनातून कळतं की गेटवरचा वॉचमन त्यांना आत सोडत नाही.

माटुंग्याच्या आसपास कारखाने होते, पैसेवाले माजी विद्यार्थी होते. आम्ही कुठून सुरुवात करायची? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही, मला खरंच उत्तर हवंय.

माशेलवालो | रविवार, सकाळी ८.१०

आमच्या गावचं नाव निघाल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही! डॉ. रघुनाथ माशेलकर मूळ गोव्यातल्या माशेलचे. वडील लवकर गेले, आईने मुंबईत कष्ट करून शिकवलं, महापालिकेच्या मराठी शाळेपासून सुरुवात. युडीसीटीतून १९६६ मध्ये पदवी आणि १९६९ मध्ये शर्मा सरांकडेच पीएचडी.

पुढे १९८९ मध्ये ते एनसीएलचे संचालक झाले. तोवर आपल्या प्रयोगशाळा परदेशी मालाला देशी पर्याय शोधण्यात धन्यता मानत. माशेलकरांनी उलट दिशा धरली. पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकवरच्या संशोधनाची अमेरिकी पेटंट्स घेतली, आणि त्या धंद्यातली बलाढ्य जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनी पुण्याच्या प्रयोगशाळेशी करार करायला आली. १९९५ पासून ते सीएसआयआरचे, म्हणजे एनसीएलसारख्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या परिषदेचे, महासंचालक झाले. एका प्राध्यापकाचा विचार शिष्याच्या हातून देशभरच्या प्रयोगशाळांत कसा गेला, ते इथे दिसतं.

शिष्यांत प्रा. ज्येष्ठराज जोशीही आहेत. बुडबुड्यांच्या स्तंभावरचं त्यांचं काम जगभर नावाजलेलं, आणि तेही पुढे संस्थेचे संचालक झाले.

पालेकाठ | रविवार, सकाळी १०.४५

मी मांगेला कोळी, पालघर जिल्ह्यातली. सगळ्यांनी कौतुक केलंय म्हणून एक गोष्ट बोलते, राग मानू नये.

माझे वडील खाडीत बोई पकडायचे. मी आठवीत असताना पाण्याला तांबूस रंग यायला लागला. जाळं काढलं की हाताला खाज सुटायची. बाजारात आमची मासळी नाकाला लावून परत ठेवायचे, 'याला औषधाचा वास येतो.' आता वडील मासेमारी करत नाहीत. ज्या वसाहतीचं पाणी येतं तिथे तुमच्यासारखे शिकलेले इंजिनीअर नक्कीच असतील. विद्यापीठ उद्योगाला जोडलं गेलं हे चांगलंच झालं. पण त्या साखळीत आमचा प्रश्न कोण घेऊन जाणार होतं? मालक प्राध्यापकांकडे जाऊ शकतो. माझे वडील कुणाकडे जाणार?

बाष्पक | रविवार, दुपारी १.३०

ताई, राग कशाला मानू? तुमचा प्रश्न सकाळपासून डोक्यात आहे.

माझ्या पिढीच्या होम पेपरात सांडपाण्याला जेमतेम दोन पानं असत. माल किती निघाला हे आधी, आणि उरलं ते 'ट्रीटमेंटला पाठवावे'. त्या एका ओळीत खाडी होती, पण ती आम्हाला दिसली नाही. मी चाळीतल्या धुराची बढाई वर लिहिली. त्याच कारखान्याचं पाणी कुठे जातं ते मी चार वर्षांत एकदाही चालत जाऊन पाहिलं नाही. हे मला आज लिहितानाही बोचतंय.

शास्त्राच्या बाजूने एवढं सांगतो की सरांच्या पुष्कळ कामाचा रोख कचरा मुळातच कमी निघावा याकडे जातो. जिथे सल्फ्युरिक आम्ल वापरून मग ते चुन्याने मारून गाळ करावा लागतो, तिथे आयन-एक्स्चेंज रेझिनच्या मण्यांवर तीच विक्रिया घडवली, तर आम्ल पाण्यात येत नाही, मणी गाळून पुन्हा वापरता येतात. असे घन उत्प्रेरक हा त्यांचा आवडता विषय. संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावरचे पहिले कुलगुरू प्रा. गणपती यादव यांनीही हरित रसायनशास्त्रात मोठं काम केलं. मार्ग आहे. तो वापरायला भाग पाडणारं कुणी नसेल तर मालक जुनाच स्वस्त मार्ग धरतो, आणि तिथे प्राध्यापक एकटा पुरा पडत नाही.

वडील कुणाकडे जाणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दोन_खंड | रविवार, रात्री ९.००

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे विद्यापीठ आणि उद्योग म्हटलं की फ्रेडरिक टर्मनचं नाव निघतं. स्टॅनफर्डचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक, पुढे डीन, मग प्रोव्होस्ट. त्यांनी ह्यूलेट आणि पॅकार्ड या विद्यार्थ्यांना कंपनी काढायला उत्तेजन दिलं, १९३९ साली ती निघाली. १९५१ मध्ये विद्यापीठाच्या जमिनीवर उद्योगांसाठी वसाहत सुरू झाली, आणि १९५४ पासून कंपन्यांतले इंजिनीअर नोकरी सांभाळून तिथे पदव्युत्तर शिक्षण घेऊ लागले.

तुलना करायचा मोह होतो, पण टर्मनपाशी हजारो एकर जमीन होती आणि युद्धानंतर सरकारी संशोधनाच्या पैशाचा पूर होता. माटुंग्याला असलं काही नव्हतं. तरी डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डी, अंबुजा सिमेंटचे नरोत्तम सेखसारिया, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी, पिडिलाइटचे मधुकर पारेख, असे किती जण त्या एका आवारातून गेले. केकी घरडा तर तिथे शिकवत होते आणि मग स्वतःच कारखानदार झाले. जमिनीच्या जोरावर हे झालेलं नाही.

स्वयंपूर्णा | सोमवार, सकाळी ७.२०

फळा_डस्टर, तुमच्यासाठी लिहितेय. माझा छोटा कारखाना आहे, चौदा माणसं. औषधी कंपन्यांना लागणारे मधले पदार्थ बनवतो. मी रसायनशास्त्राची बीएस्सी, इंजिनीअर नाही.

आमची हायड्रोजनची बॅच चौदा-पंधरा तास चालायची. सगळे म्हणाले ढवळणी कमी पडते, मोटर मोठी बसवा. कोटेशन मागवलं, आकडा बघून झोप उडाली. मुलीच्या मैत्रिणीचे आजोबा रासायनिक अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक. भीत भीत त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला आणि पाठकोऱ्या कागदावर तीन बॅचचा तक्ता आखून दिला. बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त ढवळणीचा वेग बदला, दर अर्ध्या तासाला हायड्रोजन किती ओढला ते लिहा.

तीन बॅच झाल्या, तिन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. वेग वाढवून काही फरक नाही! म्हणजे मोटरचा दोष नव्हताच. मग निकेल उत्प्रेरकाकडे वळलो. कच्च्या मालात गंधकाचा अंश येत होता आणि तो उत्प्रेरक मारत होता. माल आधी धुऊन घ्यायला लागलो, बॅच आठ तासांवर आली.

वर ठिपकाला दिलेलं उत्तर वाचताना अंगावर काटा आला, कारण 'कोणतं घड्याळ मागे आहे' हेच आजोबांनी मला करायला लावलं होतं. मॅडम, माझ्यासारखीला करार नको असतो. कुणाचं दार वाजवावं एवढंच कळत नाही. आम्हाला कॉलेजच्या गेटची भीती वाटते, तुमच्या मुलांना आमच्या गेटची.

ठिपका | सोमवार, सकाळी ९.००

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

फळा_डस्टर | रविवार, रात्री ९.५० (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. स्वयंपूर्णाताईंचा प्रतिसाद वाचून दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या घरी काहीतरी उकळतं, भाजतं, वाळतं? बऱ्याच वेळाने एक मुलगा उठला. घरचं गुऱ्हाळ आहे म्हणाला. सांगताना ओशाळला होता.

गेल्या शनिवारी आठ मुलं आणि मी तिथे गेलो. कराराशिवाय. त्याच्या वडिलांना विचारलं, तुमची अडचण काय? ते म्हणाले, चिपाडं पुरत नाहीत. रस आटायच्या आधीच जळण संपतं, मग लाकूड विकत आणावं लागतं.

मुलांनी चुलवाणाभोवती दिवस काढला. जाळव्या किती वेळाने किती चिपाडं टाकतो ते दोघींनी लिहिलं. चिपाडं हातात घेतली तर आतून ओली, उन्हात पुरती वाळवलेलीच नव्हती. काहील आणि चुलवाणाची कड यांच्यातल्या फटीतून जाळ बाहेर येत होता. रात्री टॉर्च विझवल्यावर ती तांबडी कडा स्पष्ट दिसली. गुळव्याने थर्मामीटरकडे बघितलंही नाही. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने चाचपला आणि 'उतरवा' म्हणाला. त्याच क्षणी एका मुलीने वाचलेलं तापमान होतं ११८. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

आता वर्गात उष्णतेचा ताळेबंद याच आकड्यांवर शिकवतेय. मागच्या बाकांवरची मुलं पहिल्यांदाच प्रश्न विचारताहेत. चिमणीच्या बुडाशी किती तापमानाचा धूर जातो ते मोजल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही. आमच्या प्रयोगशाळेतला थर्मोकपल (जास्त तापमान मोजायची तार) बंद पडलाय, आणि खरेदीचा अर्ज मार्चनंतर बघू असं उत्तर आलंय. मार्चपर्यंत गुऱ्हाळाचा हंगाम संपेल. ८०० अंशांपर्यंत चालेल असा थर्मोकपल कुणाकडे महिनाभरासाठी मिळेल का?

स्वयंपूर्णा | रविवार, रात्री १०.०५

आहे. के टाइप, इंडिकेटरसकट. परत द्यायची घाई नाही. कुठे पाठवू ते व्यनि (खाजगी निरोप) करा.

बाष्पक | रविवार, रात्री १०.३०

फळा_डस्टर, फटीला माती-भुश्श्याचं लिंपण लावायच्या आधी एक दिवसाचं मोजमाप नक्की घ्या, म्हणजे नंतर फरक दाखवता येईल. धूर मोजताना टोक चिमणीच्या मधोमध ठेवा, भिंतीला टेकलं तर आकडा कमी येतो. पुढच्या शनिवारी मी आलो तर चालेल का? माझ्याकडे पिवळे कागद आहेत, मुलांना दाखवीन.

पालेकाठ | रविवार, रात्री ११.१०

मॅडम, गूळ झाला की त्याच मुलांना एकदा आमच्या खाडीवर आणाल? बाटल्या आणि होडी माझ्याकडे आहे.

फळा_डस्टर | रविवार, रात्री ११.२५

ताई, आणते. भरती-ओहोटीच्या वेळा तेवढ्या कळवा.